लांब हॉर्न म्हणजे थांब

डेलमर ट्वेटन नेहमी म्हणायचा, "माझ्या ट्रेलरचं वजन मला माझ्या स्वतःच्या वजनापेक्षा नीट ठाऊक आहे." यातलं निम्मं खरं होतं. स्वतःच्या वजनाबद्दल तो डॉक्टरांशीसुद्धा खोटं बोलायचा.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी, गावातल्या धान्याच्या कोठारापलीकडच्या कॉफीच्या दुकानात त्याने हे वाक्य पुन्हा ऐकवलं आणि वर पुस्ती जोडली. "शुक्रवारी निघतो. उत्तर डकोटा ते टेक्सासचं खालचं टोक, सोळाशे मैल. ट्रेलरला एक ओरखडा उठला तर चाव्या डार्सीच्या हातात देईन आणि तिच्या तळघरात जाऊन पडेन."

"मग तळघर झाडून ठेवायला सांगतो तिला," गेलन म्हणाला. गेलन आणि तो चाळीस वर्षं एकाच टेबलाशी बसत आले होते. इतक्या वर्षांत गेलनने डेलमरला एक गोड शब्द ऐकवला नव्हता, म्हणूनच डेलमर रोज त्याच्यासमोर जाऊन बसायचा.

"स्कूटर नेतोयस?" गेलनने विचारलं.

"नेतोय."

"तुला चालवता येत नाही, लेका."

"चालवायला कुठे नेतोय? मागं लागते ती. तोल राहतो ट्रेलरचा."

गेलन चमच्याने कॉफी ढवळत राहिला. तो बिनसाखरेची काळी कॉफी प्यायचा, ढवळण्यासारखं कपात काही नव्हतं.

ओरखड्याची अट मुळात डार्सीची होती. डार्सी डेलमरची एकुलती एक लेक, फार्गोच्या शाळेत मुख्याध्यापिका. एप्रिलमध्ये, बर्फ पुरतं वितळायच्या आत आर्डिस गेली. डेलमरची बायको आणि डार्सीची आई. त्यानंतर सहा महिने डार्सी बापाच्या मागे लागली होती की पिकअपमागे ओढायचं ते चाकांवरचं घर, तो ट्रेलर विका आणि माझ्याकडे राहायला या.

"बाबा, तुम्ही शहात्तर वर्षांचे आहात. एवढं धूड ओढत एकटे कुठे जाता?"

"दर हिवाळ्यात जातो तिथेच."

"आणि मागे कोण उभं राहणार?"

उत्तर नसलं की तो रागवायचा, तसा रागावला. दोन दिवस फोन बंद. मग तिनेच तोड काढली. एकदा जाऊन बघा. रोज संध्याकाळी ट्रेलरच्या चारही बाजूंचे फोटो पाठवायचे. एक जरी ओरखडा दिसला, तर ट्रेलर विकायचा आणि तळघरातली खोली घ्यायची. ती खोली डेलमरने बघितली होती. तिला एकच खिडकी होती, वर छताजवळ, आणि तीतून शेजाऱ्याच्या कुत्र्याचे पाय तेवढे दिसायचे. टेक्सासच्या ज्या ट्रेलर-पार्कात ते हिवाळा काढायचे, तिथे एकेचाळीस नंबरच्या जागेवर आर्डिसने बी टाकून वाढवलेलं पपनसाचं झाड होतं. एका पारड्यात कुत्र्याचे पाय आणि एका पारड्यात ते झाड. डेलमरने लगेच अट मान्य केली.

आता स्कूटरचं सांगतो. ही स्कूटर घरात आली ती डेलमरच्या आळसामुळे. ट्रेलर एकदा जागेवर लावला, पिकअप सोडवली, खुर्ची टाकली, की हा माणूस मार्चपर्यंत उठायचा नाही. दूध आणायचं तरी पिकअप काढावी लागे, आणि पिकअपची चावी मागितली की डेलमर असा चेहरा करी की जणू मूत्रपिंड मागितलं. दोन हिवाळे आर्डिसने हे सोसलं. तिसऱ्या वर्षी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, तिने ताकासारख्या रंगाची एक स्कूटर आणली आणि ट्रेलरच्या शेपटीला तिच्यासाठी लोखंडी पाळणा बसवून घेतला. रोज सकाळी नऊ वाजता ती गावात निघायची. निघताना पार्कातून हॉर्न देत जायची, आणि खुर्च्यांवरून म्हातारे ओरडून आपापलं सामान सांगायचे. पलीकडच्या रांगेतल्या एल्डनची तर रोजची एकच हाक असे, "आर्डिस, माझं दूध!"

पण स्कूटरचा खरा उपयोग निराळाच निघाला. ट्रेलरवाल्या लोकांत लग्नाची परीक्षा चर्चमध्ये होत नाही, ट्रेलर मागे घेताना होते. नवरा गाडीत, बायको मागे उभी राहून हातवारे करते. तिचं डावं ते त्याचं उजवं. ती थांब म्हणते ते त्याला ये वाटतं. पार्कातले लोक खुर्च्या वळवून बघत बसतात. करमणुकीला दुसरं काय आहे त्यांना? पहिल्या वर्षी असा ट्रेलर लावून झाल्यावर डेलमर आणि आर्डिस दोन दिवस बोलले नव्हते. स्कूटर आल्यावर आर्डिस तिच्यावर बसूनच मागे उभी राहू लागली. छोटा हॉर्न म्हणजे ये. लांब हॉर्न म्हणजे थांब. डेलमरला कमी ऐकू येतं म्हणून तिने त्या एवढ्याशा स्कूटरला ट्रकचा हॉर्न लावून घेतला. तो व्यायला झालेल्या गायीसारखा ओरडायचा.

तरी सुरुवातीला एकदा डेलमरने लांब हॉर्न ऐकून कचकन ब्रेक दाबला. आतलं कपाट उघडलं आणि बिटाच्या लोणच्याच्या बारा बाटल्या फुटल्या. ट्रेलरमध्ये खून झाल्यासारखं दिसत होतं. आर्डिस शांतपणे म्हणाली, "डेलमर, मी हॉर्न दिला की ब्रेक मारायचा नाही. नुसता पाय उचलायचा. गाडी आपसूक थांबते."

तेव्हापासून वीस वर्षं, हॉर्न ऐकला की डेलमरचा पाय उचलला जायचा. डोक्याला विचारत नसे तो.

आर्डिस गेल्यावर डेलमर महिनाभर ट्रेलरमध्ये चढला नाही. चढला तेव्हा त्याने पुढच्या पलंगाखालचा कप्पा उघडला. तिथे आर्डिसचं दुकान होतं. रानचेरीचा मुरंबा, बिटं, बाटलीबंद हरणाचं मांस, अशा सत्तर बाटल्या. बिडाचे तवे तीन. लोखंडी शिलाई मशीन. गोधड्यांसाठी कापडाचे गठ्ठे. आणि एक बोलिंगचा चेंडू, जो ती वर्षातून एकदाच वापरायची. "तुझ्याबरोबर जाणं म्हणजे वखार ओढत जाणं आहे," असं डेलमर वीस वर्षं कुरकुरत आला होता. आता तो त्या कप्प्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि त्याला एक बाटलीसुद्धा उचलवेना. झाकणांवर तिच्या अक्षरात वर्ष लिहिलेलं होतं.

शेवटी चर्चमधल्या बायका आल्या आणि सगळं घेऊन गेल्या. कप्पा रिकामा झाला. झोपताना खालून बाटल्यांची किणकिण ऐकू येणार नाही, एवढंच त्याला बरं वाटलं.

स्कूटर मात्र त्याने कुणाला दिली नाही. तिच्याशिवाय ट्रेलरची पाठ त्याला उघडी वाटली.

शुक्रवारी निघाला. पहिला दिवस सरळ गेला. वारा नाही, रस्ता कातरीने कापल्यासारखा. संध्याकाळी त्याने चार फोटो पाठवले. डार्सीचं उत्तर आलं, "उजवी बाजू अस्पष्ट आहे. पुन्हा पाठवा." मुख्याध्यापिका ती. त्याने पुन्हा पाठवला.

दुसऱ्या दिवशी नेब्रास्कात ट्रेलरची शेपूट जरा हलत होती. डेलमर म्हणाला, रस्ता खराब आहे. त्या दिवशी एक गोष्ट मात्र त्याला फार आवडली. लोक हात करत होते. ट्रेलरवाले एकमेकांना हात करतातच, पण आज मोटारवालेही करत होते, ट्रकवाले दिवे उघडझाप करत होते. एका बाईने तर शेजारून जाताना काच खाली करून तळहात मासोळीसारखा इकडून तिकडे नाचवून दाखवला. डेलमरनेही खिडकीतून हात काढून तसाच नाचवला. बाईने डोक्याला हात लावला. किती माया आहे लोकांना, डेलमरच्या मनात आलं. एकटा म्हातारा बघितला की कळतंच.

तिसरा दिवस रविवार. सकाळी निघण्याआधी त्याने स्कूटर सुरू करून बघितली. आर्डिस दर तीन दिवसांनी करायची, नाहीतर बॅटरी उतरते म्हणायची. स्कूटर पहिल्याच झटक्यात सुरू झाली आणि डेलमर तिथे जरा वेळ उभा राहिला. मग त्याने पट्टे नव्याने बांधले, आपल्या पद्धतीने, हँडलवरून आडवे.

इथे एक सांगायला हवं. निघण्यापूर्वी काय काय तपासायचं याची त्या दोघांची यादी होती, आणि ती अर्धी अर्धी वाटलेली होती. जोड, साखळ्या, दिवे, चाकं डेलमरची. कपाटं, छताची झडप, पायरी आणि स्कूटर आर्डिसची. स्कूटरची किल्ली ती दोरीत ओवून गळ्यात घालायची. डेलमरने आपली अर्धी यादी नीट तपासली, दोनदा तपासली. इंजिन त्याने हँडलवरच्या बटणानेच बंद केलं होतं. किल्ली तशीच चालू राहिली.

कॅन्ससमध्ये वारा आडवा होता. तिथे वाऱ्याला अडवायला झाड नाही, डोंगर नाही, लाज नाही. दोन्ही बाजूंना उभी तांबडी ज्वारी. दुपारी बाराच्या सुमाराला एक लांबलचक ट्रक त्याला ओलांडून गेला. त्या ट्रकने आधी ट्रेलरला ढकललं, मग ओढलं.

डेलमरने डाव्या आरशात बघितलं तर आरशात सगळा ट्रेलरच. उजव्या आरशात बघितलं तर तिथेही ट्रेलरच. एक ट्रेलर दोन्ही आरशांत कसा मावतो याचा विचार करायला वेळ नव्हता. ट्रेलर शेपटी हलवत होता आणि आता शेपूटच कुत्र्याला हलवू लागली होती. पिकअपचं पुढचं तोंड हलकं झालं. चाकं रस्त्यावर आहेत की नाहीत तेही हातांना कळेना. डेलमरचा उजवा पाय ब्रेकवर जाणार, एवढ्यात मागून हॉर्न आला.

लांब.

व्यायला झालेल्या गायीसारखा, थांबायचं नाव नाही.

त्याचा पाय उचलला गेला. ब्रेक नाही, काही नाही, नुसता पाय वर. "थांबलो," तो मोठ्याने म्हणाला. "थांबलो, बाई." दोन्ही हातांनी चक्र सरळ धरून बसून राहिला. ट्रेलर आणखी दोनदा झुलला, मग एकदा, मग अर्धा, आणि सगळी वरात रस्ता सोडून उताराने हळूहळू ज्वारीत शिरली. कणसं काचेवर टपटप आपटली. मग सगळं थांबलं. हॉर्न तेवढा चालू होता.

"थांबलो ना आता," डेलमर म्हणाला. "पुरे."

हॉर्न चालूच.

तेव्हा कुठे तो बाहेर आला, आणि ज्वारीतून वाट काढत मागे गेला. मागे कोणीच नव्हतं, हे सांगायला नको. पट्ट्याची लोखंडी कडी सरकून हॉर्नच्या बटणावर रुतली होती. स्कूटर पाळण्यात सरळ उभी होती. ट्रेलरला कणसं चिकटली होती, पण ओरखडा म्हणून एक नव्हता. डेलमरने सगळीकडून हात फिरवून बघितला. मग तो पाळण्याच्या कडेला बसला.

रस्त्यावर एक जुनी पिकअप थांबली. साठीची, ताठ कण्याची एक बाई उतरली. चर्चचे कपडे, पायात रबरी बूट. ती ज्वारीत पडलेली वाट निरखत आली. ट्रेलरपेक्षा तिचं लक्ष ज्वारीवर जास्त होतं.

"ही ज्वारी माझी," ती म्हणाली. "मी लोरीन उनरू. तुम्ही?"

"डेलमर ट्वेटन. उत्तर डकोटा."

"तिकडे रस्ते नसतात का?"

"असतात."

"कुणाला बोलावताय एवढं? आम्ही आलो की."

डेलमर काही बोलायच्या आत त्याच्या खिशातला फोन थरथरला. त्यावर डार्सीचे नऊ फोन येऊन गेले होते. तिच्या फोनात एक नकाशा होता, त्यावर बाप एका निळ्या ठिपक्याएवढा दिसायचा.

"बाबा, तुम्ही शेतात का आहात?"

"थांबलोय जरा."

"शेतात?"

"थांबावं लागलं. तुझ्या आईने हॉर्न दिला."

मग डार्सी फार सावकाश बोलू लागली, पहिलीच्या मुलांशी बोलावं तशी. "बाबा, आज वार कोणता आहे?"

"रविवार. अगं, मला वेड नाही लागलेलं."

"तुमच्याजवळ कोणी मोठं माणूस आहे का? त्यांना फोन द्या."

"मी स्वतः मोठा माणूस आहे. ट्रेलर झुलत होता, मी ब्रेक मारणार होतो, तेवढ्यात मागून तिने..." डेलमर थांबला. आपण काय बोलतोय ते त्याला ऐकू आलं. जितकं खरं सांगावं तितका तो जास्त भ्रमिष्ट वाटत होता. तळघराची खिडकी त्याच्या डोळ्यांसमोर आली. त्याने आणखी समजावायचा नाद सोडला आणि फोन हात लांब करून स्कूटरपुढे धरला.

बराच वेळ धरला. परत कानाला लावला तेव्हा डार्सी रडत होती.

"तोच आहे," ती म्हणाली. "तोच हॉर्न आहे."

"पट्टा अडकलाय. किल्ली चालू राहिली माझ्याकडून."

लोरीनने तोवर किल्ली शोधली होती. तिने हात पुढे केला. फोनमधून डार्सीचा आवाज आला, इतका मोठा की लोरीनलाही ऐकू गेला, "बंद करू नका. जरा राहू दे."

लोरीनने हात मागे घेतला. मग ती वर रस्त्यावर गेली, आपल्या पिकअपचं इंजिन बंद करून आली आणि हात बांधून उभी राहिली. चर्चमध्ये उभं राहतात तशी. हॉर्न वाजत राहिला. पाचेक मिनिटांनी त्याचा आवाज जाड झाला. मग गाय जाऊन बेडूक आला. मग नुसती घरघर. ती अगदी बारीक झाली तेव्हा डेलमरने फोन बटणाला जवळजवळ टेकवला. मग वारा आणि ज्वारी, एवढंच राहिलं.

"संपला?" डार्सीने विचारलं.

"संपला."

मग ती म्हणाली, "बाबा, तुम्ही तिथून हलू नका. मी येते."

डेलमरने फोन खिशात ठेवला. लोरीनने त्याच्याकडे बघितलं नाही, एवढी तिने कृपा केली. ती ट्रेलरच्या पुढे गेली, दांड्याला हात घालून हिसका दिला आणि भुवया वर केल्या.

ज्याने बैलगाडी हाकली आहे त्याला पुढचं समजावून सांगायला नको. ओझं मागे गेलं की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून उचलायला लागतं. ट्रेलरचंही तेच.

"उलाळ आहे ही तुमची गाडी," लोरीन म्हणाली. "मागे एवढी स्कूटर आणि पुढे वारा. पुढे काय असायचं हिच्यात?"

"काही नाही," डेलमर म्हणाला. मग म्हणाला, "बाटल्या. मुरंब्याच्या."

"मुरंब्याच्या किती?"

"सत्तर. शिलाई मशीन. बिडाचे तवे. एक बोलिंगचा चेंडू."

"मग? ते कुठे गेलं?"

"चर्चला दिलं."

"आणि ते भरणारी?"

डेलमरने डोळ्यांनी स्कूटरकडे दाखवलं. लोरीनने मान हलवली. वीस वर्षं ज्या तोलाचा तो कॉफीच्या टेबलावर तोरा मिरवत होता, तो तोल मुरंब्याचा होता, हे डेलमरला कॅन्ससच्या ज्वारीत उभं राहून कळलं. त्याचा त्यात वाटा कुरकुरण्यापुरता होता.

"आज रविवार," लोरीन म्हणाली. "आम्ही रविवारी काम करत नाही. पण बैल खड्ड्यात पडला तर काढायला देवाची हरकत नसते." आणि ती ट्रॅक्टर आणायला गेली.

तिने ट्रेलर बाहेर काढून आपल्या अंगणात लावला. मग ट्रॅक्टरच्या सुपात घालून स्कूटर उचलली आणि पिकअपच्या हौद्यात ठेवली, तोंड पुढे करून. "ओझं हे असं पुढे असतं," ती म्हणाली. "इतकी वर्षं मागे का ठेवलीत?"

"तिला एकटीला उतरवता यायची मागून."

लोरीन ट्रेलरमध्ये चढली. रिकाम्या कप्प्यात तिने कोंबड्यांसाठी ठेवलेल्या जुन्या ज्वारीची सहा पोती टाकली. "माझी ज्वारी पाडलीतच, ही पण न्या." रात्री कोबीचं सूप आणि एकावर एक बसवून भाजलेले पाव खाऊ घातले. डेलमरने त्या संध्याकाळीही इमानाने चार फोटो पाठवले. डार्सीचं उत्तर आलं, "कणसं काढा."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती विमानाने आणि पुढे भाड्याच्या मोटारीने आली. आल्या आल्या तिने बापाला मिठी मारली, मग ट्रेलरभोवती एक फेरी मारली. ओरखडा नव्हता. ती जरा निराश झाली असं डेलमरला वाटलं. निघताना लोरीनने तिला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. काय ते डेलमरला कळलं नाही, पण पिकअपमध्ये बसल्यावर डार्सीच्या गळ्यात दोरी होती आणि दोरीत स्कूटरची किल्ली.

पुढचे दोन दिवस ट्रेलर सासरी निघालेल्या मुलीसारखा मान खाली घालून चालला. आतल्या आरशात डेलमरला मागच्या काचेतून स्कूटरचा गोल दिवा दिसायचा. तो त्या आरशात गरजेपेक्षा जास्त बघायचा. डार्सीने ते पाहिलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

टेक्सासच्या पार्कात पोचले तेव्हा पाच वाजले होते. पपनसाच्या झाडाला फळं लागली होती. पार्कातल्या लोकांनी ट्रेलर ओळखला. कोणी हात केला, कोणी डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. मग त्यांनी आपापल्या खुर्च्या वळवल्या, कारण ट्रेलर मागे घ्यायचा होता.

चार म्हाताऱ्यांनी स्कूटर उतरवली. बॅटरी वाटेतच भरून घेतली होती. डार्सी स्कूटरवर बसून झाडाखाली उभी राहिली.

"लक्षात आहे ना? छोटा म्हणजे ये. लांब म्हणजे थांब."

"बाबा, मी शाळा चालवते."

पहिले पन्नास फूट सुरेख गेले. छोटा हॉर्न, छोटा हॉर्न. मग ट्रेलरचा कोपरा पाण्याच्या नळाकडे वळला. डार्सी घाबरली, आणि घाबरलेलं माणूस हॉर्न कसा वाजवतं? पिप पिप पिप पिप पिप. डेलमरला ऐकू आलं ते असं: ये, ये, ये, ये, ये. एवढ्या उत्साहाने त्याला आर्डिसनेही कधी बोलावलं नव्हतं. तो आला. कर्र्र असा आवाज झाला आणि नंतर लांब हॉर्न आला. डेलमरने पाय उचलला.

खुर्च्यांवरून कोणीतरी टाळी वाजवली आणि लगेच थांबवली.

संध्याकाळी डेलमरने सवयीने फोटो काढले आणि पाठवले. डार्सी शेजारच्याच खुर्चीवर बसली होती. तिचा फोन वाजला. तिने बघितलं.

"तीनच आहेत. चौथी बाजू?"

"चौथ्या बाजूला तू उभी होतीस."

डार्सी हसली, आणि हसता हसता रडायला लागली. डेलमरने तिच्या पाठीवर हात ठेवला. बाप म्हणून हे काम त्याला नवीन होतं. याआधी ते आर्डिसच्या अर्ध्या यादीत होतं. थोड्या वेळाने त्याने खिशातून पिकअपच्या चाव्या काढून तिच्या मांडीवर ठेवल्या.

"हे काय?"

"ओरखडा आला. शब्द म्हणजे शब्द."

तिने चाव्या परत दिल्या नाहीत. डेलमरने वाट बघितली, पण ती देत नव्हती. "मार्चमध्ये मी न्यायला येते," ती म्हणाली. "गाडी मी चालवीन. मागे तुम्ही उभं राहायचं. विकायचं वगैरे तेव्हा बघू."

"मागे? स्कूटरवर?"

"स्कूटरवर. सकाळी शिकायला सुरुवात करा. बसून हॉर्न वाजवता आला तरी खूप झालं."

सकाळी नऊ वाजता डेलमर आयुष्यात पहिल्यांदा त्या सीटवर बसला. स्कूटर कण्हली. सीटला एका बाजूला आर्डिसच्या बसण्याचा खळगा पडला होता, त्यात तो मावेना. त्याने बटण दाबलं. काहीच वाजलं नाही.

"किल्ली," डार्सी म्हणाली. तिने गळ्यातली दोरी काढली, किल्ली लावून फिरवली आणि तिथेच उभी राहिली.

डेलमरने पुन्हा दाबलं. लांब वाजला.

पार्कभर खुर्च्यांची कुरकुर थांबली. मग पलीकडच्या रांगेतून एल्डनचा आवाज आला. एल्डन आता अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होता आणि त्याच्या लक्षात काही राहत नसे.

"आर्डिस, माझं दूध!"

डार्सीने बापाकडे बघितलं. डेलमर स्कूटरवरून उतरला, पँट झटकली.

"आणते म्हणाव," तो म्हणाला.

गाव सव्वा मैलावर होतं. स्कूटर त्याला चालवता येत नव्हती. पिकअपच्या चाव्या डार्सीच्या खिशात होत्या, आणि मागायच्या तर शब्द मोडायचा. तो चालत गेला.